बोटं दुखतात, पण दोष प्रत्येक वेळी बोटांचा नसतो
गिटार शिकताना बोटं दुखली की "बोटांना घट्टे पडले की दुखणं थांबतं, तोवर सोसा" असं दोघं-तिघं तरी सांगतातच. खरं आहे, पण अर्धंच. मी तीन महिने सोसलं, घट्टेही पडले, तरी एफ कॉर्ड (पहिल्या घरात एकाच बोटाने अनेक तारा दाबून वाजवायचा स्वरमेळ) काही केल्या वाजेना. पहिली तार नुसती थप् थप् करायची. हात लहान आहेत, आपल्याला जमणार नाही, अशी मनाची समजूत घालून झाली होती. मग एका जाणकाराने कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) लावून तोच आकार एक घर पुढे धरायला सांगितला. लगेच वाजला! म्हणजे खोट हातात नव्हतीच, नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचा उथळ राहिल्याने तारा नको तितक्या उंच बसल्या होत्या.

घरीही तपासता येतं. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. जेमतेम केसाएवढी हवी. बाराव्या फ्रेटवर अकूस्टिक (बिनविजेच्या) गिटारला जाड तारेखाली साधारण २.५ मिमी ठीक, ४ असेल तर सेटअप (तारांची उंची जुळवणं) करून घ्याच. खाचा स्वतः घासायला मात्र जाऊ नका, जास्त खोल गेल्या तर मोकळी तार खरखरते आणि नट बदलावा लागतो. तोवर १२ ऐवजी ११ किंवा १० गेजच्या (म्हणजे कमी जाडीच्या) तारा लावा, नाहीतर सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून सराव करा. ताण कमी झालेला बोटांना लगेच कळतो.