फॉक्सकॉन नुसत्या जुळणीवर मोठी झाली का?

घणसोलीकर: मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे टूल अँड डायचा, म्हणजे साचे बनवण्याचा, कोर्स करतो म्हणतोय. त्याचे मामा म्हणतात, आता सगळी मोबाइलची जुळणी, आयफोन जोडणारी फॉक्सकॉन त्यावरच मोठी झाली, साचे कोण विचारतो? खरं आहे का?

रबाळे टूलरूम: दादा, अजिबात नाही. रबाळे एमआयडीसीत 26 वर्षं साचे करतोय, म्हणून कळकळीने लिहितो.

टेरी गौने 1974 मध्ये तैवानात होन हाय, म्हणजेच आजची फॉक्सकॉन, काढली, तेव्हा हातात साधारण 7,500 डॉलर, तेही आईकडून. माल काय, तर टीव्हीचे चॅनल बदलायचे प्लास्टिकचे नॉब. पुढे अटारी या व्हिडिओ गेम कंपनीच्या जॉयस्टिकचे कनेक्टर, मग कॉम्प्युटरचे. आयफोन आला 2007 ला! तोवर साच्यांच्या कामाला तीसेक वर्षं होऊन गेली होती. सुरुवातीचा नफा त्याने स्वतःच्या साचेविभागात घातला, ही माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट.

का, ते सांगतो. चार्जरच्या वायरची जुनी चौकोनी यूएसबी पिन उजेडात धरा. आत पातळ प्लास्टिकची जीभ दिसेल, तिच्यात पिना. साच्याचे दोन भाग केसाएवढे जरी नीट मिटले नाहीत तरी कडेला फ्लॅश, म्हणजे प्लास्टिकची जादा पातळ किनार, येतो. 2009 ला मी असाच एक साचा बाहेरून करून घेतला. दोन बायका सहा दिवस ब्लेडने फ्लॅश खरवडत होत्या. दुरुस्तीला पाठवला तर तो माणूस तीन आठवडे फोन उचलेना. ऑर्डर गेली. साचा आपल्या घरचा असता तर रात्रीत उघडून घासला असता. पुढच्या वर्षी कर्ज काढून ठिणग्यांनी पोलादात साचा कोरणारं स्पार्क मशीन घेतलं.

महापे: मोठी झाली ती माणसांच्या जोरावरही. 1988 ला शेन्झेनला कारखाना टाकला, खेड्यापाड्यांतली पोरं तिथे लाखांनी राबली. 2010 मध्ये एकापाठोपाठ एक आत्महत्या झाल्या, इमारतींना जाळ्या बांधाव्या लागल्या. तेही मुलाला सांगा.

रबाळे टूलरूम: ताई, खरंय. माझ्याकडे रात्रपाळी बंद केली त्याला आठ वर्षं झाली.

घणसोलीकर: मुलाला एकदा तुमच्याकडे पाठवू का?

रबाळे टूलरूम: पाठवा की. सोळा कॅव्हिटीचा, म्हणजे एका वेळी सोळा नग काढणारा, साचा खोलून ठेवलाय, त्यालाच पॉलिश करायला देतो. चपला नकोत, बूट घालून येऊ दे.