घरी पाहिलेल्या चित्रपटांविषयी लिहिताना : 'अभिप्राय', 'परीक्षण', 'मानांकन' आणि 'बरा'

विचारणा

आम्ही काही परिचित मंडळी घरी पाहिलेल्या चित्रपटांची एक सामायिक वही ठेवतो. चित्रपट पाहून झाला की प्रत्येकाने चार ओळी लिहायच्या आणि पाचपैकी एक आकडा द्यायचा, असा शिरस्ता आहे. वहीतल्या रकान्यांना नावे देताना मात्र आमच्यात मतभेद झाले. मजकुराच्या रकान्यासाठी कोणी 'समीक्षा', कोणी 'परीक्षण', तर कोणी 'अभिप्राय' हा शब्द सुचवला. आकड्याच्या रकान्यासाठी 'मानांकन', 'गुण', 'श्रेणी' आणि 'तारे' अशी चार नावे पुढे आली, आणि 'रेटिंग' सर्वांना कळते तर तेच का नको, असेही एकाने विचारले. या शब्दांत अर्थाचा खरोखर काही फरक आहे का, की हा केवळ सवयीचा प्रश्न आहे? शिवाय 'बरा आहे' या एका शेऱ्याचा अर्थ आमच्यापैकी दोघांनी अगदी वेगवेगळा लावला आणि त्यावरून बराच वाद झाला, तेव्हा जाणकारांनी त्याही शब्दाविषयी लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद

फरक आहे, आणि तो जपण्याजोगा आहे असे मला मनापासून वाटते.

'परीक्षण' आणि 'समीक्षा' हे दोन्ही शब्द 'ईक्ष्', म्हणजे पाहणे, या एकाच संस्कृत धातूपासून आलेले आहेत. 'परि' लागला की चहूबाजूंनी पाहणे होते आणि 'सम्' लागला की नीट, साकल्याने पाहणे होते. 'प्रेक्षक' हा शब्दही त्याच धातूचा आहे, आणि चित्रपट सुरू होण्यापूर्वी मनात असते ती 'अपेक्षा' व चांगल्या चित्रपटाच्या वाट्याला अनेकदा येते ती 'उपेक्षा', या दोघींचे मूळही तेच आहे. प्रत्यक्ष वापरात मात्र या शब्दांनी आपापली क्षेत्रे वाटून घेतली आहेत. नव्या चित्रपटावर नियतकालिकात येणारा, त्याच्या बऱ्यावाईटाचा निवाडा करणारा लेख म्हणजे 'परीक्षण'. त्या शब्दावर स्पर्धेतल्या परीक्षकाची छाया आहे. 'समीक्षा' त्याहून सावकाश चालते. ती चित्रपटाला त्याच्या परंपरेत ठेवून पाहते, दिग्दर्शकाच्या आधीच्या कामाशी त्याची सांगड घालते आणि संकलन, ध्वनी, छायाचित्रण यांनी मिळून अर्थ कसा घडवला हे दाखवते. घरी सवडीने पाहिलेल्या चित्रपटाविषयीच्या चार ओळींना यांपैकी कोणतेही नाव दिले, तर लिहिणाऱ्यावर त्याने न मागितलेली जबाबदारी येते आणि वाचणाऱ्याच्या अपेक्षाही विनाकारण वाढतात.

'टीका' हा शब्द आपण सुचवलेल्या नावांत नाही, हे बरे झाले. ज्ञानेश्वरीच्या शेवटी 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें' असे म्हटले आहे, तिथे 'टीका' म्हणजे अर्थ उलगडून सांगणारे विवरण आहे. आज मात्र 'त्याने चित्रपटावर टीका केली' असे म्हटले की त्याने दोष काढले, एवढेच बहुतेकांना ऐकू येते. एवढ्या मोठ्या शब्दाचा अर्थ असा आक्रसावा याचे मला वाईट वाटते.

आपल्या रकान्यासाठी 'अभिप्राय' हाच शब्द योग्य आहे. संस्कृतात त्याचा अर्थ हेतू किंवा आशय असा होता आणि हिंदीत तो आजही तात्पर्याच्या अर्थाने येतो. मराठीत तो विचारपूर्वक दिलेल्या मताकडे वळला. 'आपला अभिप्राय कळवावा' असे आपण लिहितो, तेव्हा समोरच्याकडून निवाडा मागत नाही. त्याला काय वाटले ते विचारतो. 'मत' हा शब्दही चालेल, पण तो अंमळ कोरडा आहे. 'प्रतिक्रिया' मात्र चित्रपट संपताक्षणी तोंडून निघते ती. रात्र गेल्यावर जे उरते त्याला अभिप्राय म्हणावे.

आता आकड्याकडे येतो. 'मानांकन' या शब्दाविषयी माझा आक्षेप ठाम आहे. टेनिसमध्ये 'अग्रमानांकित' आणि 'बिगरमानांकित' खेळाडू असतात, म्हणजे तिथे मानांकन खेळाडूंची एकमेकांच्या तुलनेतली जागा सांगते. वित्तव्यवहारातले 'पतमानांकन' आणि उद्योगांना मिळणारे गुणवत्तेचे मानांकन ठरावीक निकषांवर एखादी अधिकृत संस्था देते. आपल्या वहीत क्रमवारीही नाही आणि अधिकृत संस्थाही नाही. त्यातच 'नामांकन' हा शब्द याच्या इतका जवळचा आहे की, पुरस्कारासाठी 'मानांकन' मिळाल्याची वाक्ये छापूनही येतात, आणि अशा वेळी चित्रपटाचे नाव स्पर्धेत गेले की त्याला आकडा मिळाला, हे वाक्यावरून कळत नाही.

'श्रेणी' अ, ब, क अशा अक्षरांसाठी ठीक आहे, आकड्यासाठी नाही. 'तारे' चित्रात छान दिसतात, पण वाक्यात अडखळतात. 'तारांकित' म्हटले की विधिमंडळातला प्रश्न आठवतो, 'पंचतारांकित' म्हटले की ऐषारामी हॉटेल डोळ्यांसमोर येते, आणि 'तारका' म्हणजे तर अभिनेत्रीच. चिन्हच काढायचे असेल, तर त्याला 'चांदणी' म्हणावे. लहानपणी वहीत काढायचो ती पाच टोकांची आकृती त्या शब्दाने नेमकी उभी राहते.

राहिला 'गुण'. मराठीत या एका शब्दाला दोन अर्थ आहेत : परीक्षेत मिळतो तो आकडा आणि अंगी असतो तो चांगुलपणा. 'या चित्रपटाला मी साडेतीन गुण दिले' आणि 'या चित्रपटाचे गुण कोणते' ही दोन वाक्ये शेजारी ठेवली, की आकडा देणाऱ्याला त्या आकड्याचे कारण सांगणे भागच पडते. याच कारणासाठी मला हा शब्द सर्वांत आवडतो.

गुण देताना मराठी अपूर्णांकांचाही उपयोग करावा. आपल्याकडे सव्वा, दीड, अडीच, साडेतीन, पावणेचार असे सुटसुटीत शब्द आहेत, आणि 'पावणेचार' म्हणताना चार द्यायला थोडे कमी पडले हे जितके स्पष्ट ऐकू येते, तितके 'तीन दशांश सात पाच' म्हणताना येत नाही. आणखी एक लेखनाची बाब : 'पैकी' हे शब्दयोगी अव्यय असल्यामुळे 'पाचपैकी' हा शब्द जोडूनच लिहावा.

आता 'बरा'. जुन्या मराठीत 'बरवा' म्हणजे चांगला, सुंदर. 'तो हा विठ्ठल बरवा' असे अभंगात येते, तिथे 'ठीकठाक आहे' असा अर्थ कोणीच घेणार नाही. 'बरा' हा त्याच्याच घरातला शब्द आहे, पण त्याचे मोल उतरत गेले, आणि आज तो 'चांगला' या पायरीच्या खाली आणि 'वाईट' या पायरीच्या बराच वर उभा आहे. त्याच शब्दाचे 'बऱ्यापैकी' झाले की तो पुन्हा अर्धी पायरी वर चढतो. मूळ अडचण अशी की, 'बरा'चा अर्थ बोलताना सुरावर ठरतो. 'बरा आहे' हे सपाट सुरात म्हटले, तर वेळ गेला, फार त्रास झाला नाही, एवढाच अर्थ होतो. 'बरा आहे की!' असे म्हटले, तर अपेक्षेपेक्षा चांगला निघाल्याचा आनंद त्यात असतो. लिहिताना तो सूर हरवतो, म्हणून वहीत 'बरा' हा शब्द एकटा सोडू नये. 'अप्रतिम' या शब्दाची अडचण नेमकी उलटी आहे. ज्याला तोड नाही ते अप्रतिम, आणि एका महिन्यात असे चार चित्रपट भेटत नाहीत.

याहून महत्त्वाचा भेद 'आवडला' आणि 'चांगला आहे' यांच्यात आहे. 'मला चित्रपट आवडला' या वाक्यात कर्त्याच्या जागी चित्रपट असतो, क्रियापदही त्याच्याच लिंगवचनाप्रमाणे चालते (चित्रपट आवडला, मालिका आवडली), आणि 'मला' हा अनुभव घेणारा चतुर्थीत बाजूला उभा राहतो. तरीही विधान आपल्याविषयीचे असते. 'चित्रपट चांगला आहे' हे विधान मात्र चित्रपटाविषयीचे आहे आणि त्याला पुरावा लागतो. 'आवडला, पण चांगला नाही' आणि 'चांगला आहे, पण मला आवडला नाही' ही दोन्ही वाक्ये मराठीत निर्दोष आहेत, आणि ती लिहिण्याचे धैर्य ज्याला असते त्याचा अभिप्राय मी आधी वाचतो.

घरी चित्रपट पाहण्याचे प्रकार सांगायला संयुक्त क्रियापदे फार उपयोगी पडतात. 'पाहून घेतला' म्हणजे संधी साधली, 'पाहून टाकला' म्हणजे काम उरकले, 'पाहायचा राहिला' यात हळहळ आहे. 'पाहवेना' हा शब्द मात्र जपून वापरावा, कारण दुःख असह्य झाल्यामुळे पाहवेना आणि चित्रपट सुमार असल्यामुळे पाहवेना हे दोन टोकांचे अभिप्राय एकाच शब्दात मावतात. 'संथ' आणि 'रटाळ' यांचीही अशीच गल्लत होते. संथ हे गतीचे वर्णन आहे आणि नदीला ते शोभते; रटाळ ही तक्रार आहे.

शंका

विवेचन पटले, परंतु 'गुण' म्हटले की शाळा आठवते, आणि चित्रपट हा काही आपल्यापुढे परीक्षेला बसलेला विद्यार्थी नव्हे. 'रेटिंग' हा शब्द मराठीत पुरता रुळलेला असताना तो का सोडावा? दुसरे असे की, अभिप्रायात शेवट फोडला जाणार असेल, तर तशी सूचना आधी देण्यासाठी 'रहस्यभेद' हा शब्द पुरेसा आहे का?

उत्तर

'रेटिंग' रुळला आहे हे मान्य, आणि बोलताना मीही तो वापरतो. परंतु त्या शब्दात चित्रपट कोणत्या वयाच्या प्रेक्षकांसाठी आहे ते वर्गीकरण, एखाद्या कार्यक्रमाची प्रेक्षकसंख्या आणि पाहणाऱ्याने दिलेला आकडा या तिन्ही गोष्टी येतात. मराठीत पहिलीसाठी 'प्रमाणपत्र' हा वेगळा शब्द आधीपासून आहे, मग तिसरीसाठीही वेगळा शब्द असू द्यावा. शाळेच्या आठवणीविषयीचा आपला आक्षेप मात्र मला मान्य आहे. ती छाया 'गुण' या शब्दावर आहेच. त्यावर उपाय एकच सुचतो, तो म्हणजे 'मिळाले' न लिहिता 'दिले' असे लिहावे. 'चित्रपटाला तीन गुण मिळाले' या वाक्यात देणारा लपतो. 'मी तीन गुण दिले' यात तो समोर येतो.

'रहस्यभेद' हा शब्द चांगला बनवलेला आहे, पण तो रहस्यकथेलाच पुरतो. साध्या कौटुंबिक कथेत रहस्य नसते, तरीही मुलगी शेवटी घरी परतते की नाही हे आधी कळले तर रसभंग होतोच. 'रसभंग' हा परिणाम आहे, तेव्हा सूचनेत तोही शब्द नेमका बसत नाही, आणि 'गौप्यस्फोट' राजकारणातच राहू द्यावा. मी सरळ 'पुढे कथेचा शेवट सांगितला आहे' असे एक वाक्य लिहितो. जिथे वाक्याने काम नेमके होते, तिथे नवा शब्द घडवण्याची घाई नको.

आपल्या वहीतली एक नोंद कशी दिसावी, याचा नमुना देतो : 'दोन बैठकांत पाहिला. पूर्वार्ध संथ आहे, पण रटाळ नाही. आईच्या भूमिकेतला अभिनय संयत आहे आणि शेवटची दहा मिनिटे संवादांवाचून उभी केली आहेत. उपकथानक मात्र विनाकारण लांबले आहे. मला आवडला; पुन्हा पाहीन असे नाही. मी पाचपैकी सव्वातीन गुण दिले.'

मूळ विचारणा करणाऱ्याकडून

रकान्यांची नावे 'अभिप्राय' आणि 'गुण' अशी ठेवली आहेत, आणि आपल्या नमुन्याप्रमाणे 'किती बैठकांत पाहिला' असा तिसरा रकानाही वाढवला आहे. 'बरा' या शब्दाविषयीही उलगडा झाला. ज्यांनी तो शेरा लिहिला होता त्यांना मी पुन्हा विचारले, तेव्हा ते म्हणाले की, लिहिताना त्यांच्या मनात 'बरा आहे की' असेच होते. 'की' तेवढा लिहायचा राहिला. त्यांनी त्या चित्रपटाला पावणेचार गुण दिले आहेत.