प्रति: सहारातले तांडे - पुस्तकांचं राहूनच गेलं की!
वर कुणीतरी लिहिलंय की सहारातला व्यापार म्हणजे मीठ द्या सोनं घ्या, संस्कृतीबिंस्कृती नंतर चिकटवलेली. नाही पटलं बुवा. १६व्या शतकाच्या सुरुवातीला टिंबक्टूत (आजच्या मालीतलं व्यापारी शहर) उत्तरेकडून आलेली हस्तलिखितं विकली जायची आणि त्यात इतर मालापेक्षा जास्त नफा मिळायचा, असं लिओ आफ्रिकानस या त्या काळच्या प्रवासी लेखकाने नोंदवलंय. म्हणजे पुस्तकंसुद्धा चक्क धंद्याचा माल!

तांड्यांच्या हालअपेष्टांबद्दल वर जे लिहिलंय त्याच्याशी मात्र सहमत, फक्त तकशीफचा, म्हणजे तांड्याच्या पुढे धाडलेल्या निरोप्याचा, उल्लेख राहिला. १३५२ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिथल्याच सिजिलमासा शहरातून निघून २५ दिवसांनी सहारातल्या तघाझा या मिठाच्या खाणीच्या गावी पोचला, तिथे घरं मिठाच्या लाद्यांची, छपराला उंटाची कातडी, पाणी मचूळ, माशाच माशा, आणि मीठ खणणारे सगळे गुलाम (हे आपण रोमँटिक वर्णनात सोयीस्कर विसरतो). पुढच्या वाटेवर तांडा मस्सूफा या वाळवंटी जमातीतल्या एका माणसाला पत्रं देऊन एकट्यालाच पुढे वाळवंटाच्या दक्षिण टोकाच्या वलाता गावाला धाडायचा, तोच तकशीफ. तो पोचला तर तिथले लोक चार दिवसांची वाट चालून पाणी घेऊन सामोरे येणार, वाटेत मेला तर बहुतेक अख्खा तांडा खलास. इब्न बतूताच्या तांड्याने त्याला १०० मिस्काल (सोनं तोलायचं तेव्हाचं वजन) सोनं मोजलं, म्हणजे ४०० ग्रॅमच्या वर. महाग वाटत असेल तर जाऊन बघा एकटे.