एल-१ मणका दबलाय: झोपवून ठेवायचं का, आणि झोलेड्रोनिक इंजेक्शन द्यायचं का?

गवतफूल
सासूबाई, वय ७१, वजन ४८ किलो. पाण्याची बादली उचलताना कमरेत कळ गेली, आता कूस बदलतानाही कळवळतात. एमआरआयमध्ये एल-१ (कमरेचा पहिला) मणका पुढून दबलेला, मज्जारज्जूवर दाब नाही. टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा) उणे ३.१, डी जीवनसत्त्व ११, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) १.२. दुखण्यासाठी ॲसिक्लोफेनॅक चालू आहे. टेलर ब्रेस (पाठीला आधार देणारा पट्टा), कॅल्शियम आणि हाडं विरळ होणं रोखणारं वर्षातून एकदाचं झोलेड्रोनिक ॲसिड सांगितलंय. घरातले म्हणतात दीड महिना झोपवूनच ठेवा, आणि कॅल्शियम चालू असताना इंजेक्शन कशाला?

अस्थिपंजर
कॅल्शियम म्हणजे नुसत्या विटा. हाड पोखरणाऱ्या पेशींना ते आवरत नाही, त्यासाठी औषधच लागतं. एक मणका दबल्यावर पुढच्या वर्ष-दोन वर्षांत दुसरा दबायचा धोका सर्वांत जास्त असतो, त्यामुळे औषध टाळू नका.

पण हेच इंजेक्शन आत्ता देण्याआधी डॉक्टरांना क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा आकडा) काढायला सांगा. १.२ हा आकडा रिपोर्टवर बरा दिसतो. वय-वजन धरलं तर (१४० − ७१) × ४८ ÷ (७२ × १.२) × ०.८५ म्हणजे जेमतेम ३२-३३ येतं. ३५च्या खाली झोलेड्रोनिक देत नाहीत, मूत्रपिंडाला इजा होते. ॲसिक्लोफेनॅकनेही क्रिएटिनिन चढतं. शिवाय बाथरूमला उठायला दुखतं म्हणून म्हातारी माणसं पाणी पिणंच सोडतात, त्याने आणखी चढतं. ती गोळी बंद करून पॅरासिटामॉलवर आणता येईल का ते विचारा, पाणी वाढवा आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

डी ११ असताना झोलेड्रोनिक किंवा डेनोसुमॅब (हाडांसाठीचंच दुसरं इंजेक्शन) दिलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं, ओठ-बोटांना मुंग्या येतात, पेटके येतात. आधी डी भरून काढा: साधारणपणे ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, ८ आठवडे. हीच गोळी रोज घेऊन विषबाधा झालेले रुग्ण येतात, म्हणून वार कॅलेंडरवर लिहून ठेवा.

बादली उचलताना मणका दबला आणि क्रिएटिनिन काठावर, तर हिमोग्लोबिन, ईएसआर आणि सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातल्या प्रथिनांची तपासणी) करून घ्याच. मायलोमा (अस्थिमज्जेचा कर्करोग) असाच कंबरदुखी म्हणून येतो.

चालतं_बोलतं_फिजिओ
दीड महिना झोपवू नका! हाड आणखी विरळ होतं, मांड्या गळतात, छातीत कफ साठतो. पहिले दोन-चार दिवस दुखण्यापुरती विश्रांती, मग दर दोन-तीन तासांनी पाच मिनिटं घरातल्या घरात चालवा.

उठवताना हात धरून सरळ ओढायचं नाही. गुडघे दुमडायचे, खांदा आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर यायचं, पाय खाटेखाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपर-तळहाताने रेटून बसायचं. झोपतानाही उलट्या क्रमाने हेच. ब्रेस कुशीवर असतानाच चढवा, झोपल्यावर काढा. आत सुती बनियन घाला, पोक असेल तर वर आलेल्या मणक्यावरची कातडी रोज बघा. साधारण सहा ते बारा आठवड्यांत ब्रेस हळूहळू सोडवायचा.

पुढे वाकणं पूर्ण बंद: केर काढणं, खालच्या फडताळातलं काढणं, पश्चिमोत्तानासन. कमोडची खुर्ची घ्या. जोर करावा लागू नये म्हणून इसबगोल भरपूर पाण्यातून द्या. मणका बसवून देणाऱ्याकडे किंवा मालिशवाल्याकडे नेऊ नका.

गवतफूल
क्लिअरन्स ३५च्या वर आलंच नाही तर? आणि कॅल्शियमची गोळी सध्या उपाशीपोटी देतोय.

अस्थिपंजर
मग डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी कातडीखाली. ते मूत्रपिंडामुळे अडत नाही, पण क्लिअरन्स जितकं कमी तितका कॅल्शियम घसरायचा धोका जास्त. आणि तारीख चुकवायची नाही. त्याचा परिणाम झटकन ओसरतो आणि एकदम दोन-तीन मणके दबू शकतात. बंद करायचं झालं तरी त्यापाठोपाठ दुसरं औषध लागतंच. दुसरा पर्याय टेरिपॅराटाइड (नवं हाड तयार करणारं इंजेक्शन): रोज २० मायक्रोग्रॅम, फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नाही) ठेवायचं, जास्तीत जास्त दोन वर्षं, मायलोमा नाही याची खात्री झाल्यावरच. कोणतंही ठरलं तरी हलणारे दात आधी दाखवा.

कॅल्शियम कार्बोनेट जेवणानंतर द्या, त्याला पोटातलं आम्ल लागतं. १२५० मिलिग्रॅमच्या गोळीत खरं कॅल्शियम ५०० असतं, एका वेळी तेवढंच. थायरॉइडची गोळी चालू असेल तर मध्ये चार तास ठेवा.

पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर रात्र असली तरी थेट इस्पितळात न्या.