मदत हवी आहे : जमिनीवरच्या चाचणीत गुरुत्वाकर्षणाचा परिणाम वेगळा कसा काढावा?

नमस्कार. जेम्स वेब दुर्बिणीचा ६.५ मीटर व्यासाचा मुख्य आरसा १८ षटकोनी तुकड्यांचा असून प्रत्येक तुकड्यामागे ७ अ‍ॅक्च्युएटर (सूक्ष्म हालचाल घडवणारी यंत्रे) आहेत. त्यांपैकी ६ तुकड्याची जागा व कल जुळवतात आणि सातवा त्याची वक्रता बदलतो. २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या जॉन्सन अवकाश केंद्रातील निर्वात कक्षात तिची अतिथंड तापमानाची चाचणी झाली, पण अवकाशातली वजनरहित अवस्था तिथे नव्हती, गुरुत्वाकर्षण होतेच, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे.

अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मी पिझोइलेक्ट्रिक (विद्युतदाब दिल्यावर किंचित आकार बदलणारे) अ‍ॅक्च्युएटर बसवलेला, एक मीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रस (दांड्या जोडून केलेला सांगाडा) तयार केला आहे. तो स्प्रिंगांवर टांगला, तर टांगणीची कंपने त्याच्या कंपनांत मिसळतात. उलटसुलट ठेवून दोन्ही मोजमापांची सरासरी काढली, तर तीही विश्वासार्ह वाटत नाही, कारण सांधे किंचित ढिले आहेत आणि वजनाखाली दाबलेला सांधा भारमुक्त सांध्यासारखा वागत नाही. मला तर हीच खरी मेख वाटते.

टांगणीची वारंवारता ट्रसच्या पहिल्या नैसर्गिक वारंवारतेच्या किती खाली ठेवावी? सांध्यांचे हे अरेषीय (भाराच्या सरळ प्रमाणात न बदलणारे) वर्तन गणिती प्रतिमानात कसे मांडावे? अशा चाचण्या प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.