रंगीत तालीम तोंडावर आलीये आणि वासुदेवाचा आवाज फुटलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन पुढच्या शनिवारी आहे आणि त्यात तासाभराचं संगीत बालनाट्य बसवलंय, आठवडी बाजारावरचं, आम्ही शिक्षकांनीच लिहिलेलं. वासुदेव हा सूत्रधार त्यामुळे निम्म्याहून जास्त गाणी त्यालाच. काम करणारा मुलगा नववीतला आहे, पाठांतर चोख, स्टेजवर बिनधास्त, आणि दिवाळीपर्यंत काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला ग, आरामात लावायचा. आता तार षड्जालाच, म्हणजे वरच्या सालाच, आवाज चिरकतो, मध्येच एकदम जाड होतो, आणि कोरसमधल्या मुली खुदखुदतात. काल तर गाणं अर्धवट सोडून तो पाणी प्यायला म्हणून गेला तो आलाच नाही, नंतर सायकल स्टँडपाशी बसलेला सापडला.

संगीताचे सर म्हणतात सातवीतल्या मुलाकडून गाणी रेकॉर्ड करून घेऊ, याने नुसते ओठ हलवायचे. मुख्याध्यापिका म्हणतात सातवीतल्यालाच उभं करा. तो कोरसमध्ये असल्याने गाणी त्याला येतात पण संवाद एक नाही, आणि खरं सांगायचं तर या पोराकडून आता काम काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलंय.

दुसरी अडचण हॉलची. नगरपालिकेच्या नाट्यगृहात आदल्या दिवशी दुसरा कार्यक्रम आहे, त्यामुळे रंगीत तालमीला प्रयोगाच्या दिवशी सकाळी फक्त दोन तास मिळतायत. तासाचं नाटक, पासष्ट पोरं, दोन तास. कसं बसवायचं? तीन गाण्यांना पेटी-तबला लाइव्ह आहे, कोरसच्या नाचाच्या दोन गाण्यांना ट्रॅक आहे.

पेटीमास्तर
ताई, आधी त्या मुलाला सांगा की हे आजारपण नाही, गळ्यातल्या तारा लांब होतायत म्हणून आवाज खाली उतरतोय, साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांचं होतं. आणि त्याला घरी कुणी आलं-मध चाटवून वरचे सूर लावायला बसवत असेल तर ते आजच थांबवा, जोर लावला की गळा जास्त बसतो. कुजबुजत बोलणं म्हणजे आराम नव्हे, त्यानेही ताण येतोच.
आता सूर. काळी चारवरून काळी तीनवर आणा, ट्रॅकसुद्धा सॉफ्टवेअरमध्ये तेवढा उतरवला तर फारसा बिघडत नाही, त्याखाली गेलात तर ढोलकी बोदा वाटायला लागते. लाइव्ह तबल्याचंही तेच, काळी चारचा दाया (उजव्या हाताने वाजवायचा तबला) ओढूनताणून खाली आणू नका, जरा मोठ्या तोंडाचा दाया आणा. आणि अंतरा वर जातो तिथे चालच बदला ना! चाल तुमची, नाटक तुमचं. वर जायच्या जागी सरळ मध्य सप्तकात बोलल्यासारखं म्हणायचं. वासुदेव काय मैफल करतो का?

विंगेतून
ओठ हलवायला माझा विरोध. पहिल्या तीन रांगांत पालक असतात, त्यांना लगेच कळतं, आणि चिपळ्या एका लयीत अन् ट्रॅक दुसऱ्या असं झालं की पोरगं तोंडघशी पडतं. त्यापेक्षा दोन वासुदेव करा, थोरला आणि धाकटा. संवाद आणि खालच्या ओळी थोरल्याच्या, वरचा अंतरा धाकट्याचा. थोरल्याचा जाड झालेला आवाज "दान पावलं" म्हणायला उलट झकास लागेल.
दोन तासांचं म्हणाल तर अख्खं नाटक करायच्या फंदात पडू नका. संवाद गाळायचे, फक्त एंट्री, एक्झिट, गाण्याची सुरुवात-शेवट, लाइट बदल, ब्लॅकआऊट, एवढंच एकामागून एक घ्यायचं. त्याआधी एक काम कराच, कुणालातरी मेजर टेप घेऊन हॉलवर पाठवा, स्टेजची रुंदी, खोली, विंगा किती आणि कुठे ते मोजून आणा आणि शाळेच्या ग्राउंडवर फक्कीने तेवढंच आखून उरलेल्या सगळ्या तालमी त्यात घ्या. पोरं मोठ्या स्टेजवर गेली की पांगतात, मध्ये भलंमोठं मैदान राहतं. विंगेच्या तोंडाशी अंधारात चमकणारी पट्टी लावा. पासष्ट पोरांना विंगेत उभं करू नका, ग्रीनरूममध्ये बसवून दर प्रसंगाला एक बाई नेमा, पोरं आणायची-न्यायची तिनेच.

पेटीमास्तर
दोन वासुदेव मला पटलं. माइकचं काय केलंय? कॉलर माइक छातीवर लावलात तर नुसत्या चिपळ्या ऐकू येतील.

विंगेतून
बरोब्बर. माइक कपाळावर, टोपीच्या कडेखाली केसांच्या रेषेशी चिकटवायचा, वायर कानामागून पाठीवर. टोपीची कड घासली तर खरखर येते म्हणून सकाळच्या दोन तासांत टोपी घालूनच तपासा, नुसतं "हॅलो चेक" नको. तिसऱ्या घंटेआधी नवे सेल टाका, सकाळचे नाहीत. स्पीकरमधून शिट्टी वाजली तर माइक स्पीकरच्या समोर आलाय का ते आधी बघा, साउंडवाल्यावर ओरडू नका, आपलं पोरगंच पुढे गेलेलं असतं.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचे. आज थोरला-धाकटा करून पाहिलं, काळी तीनमध्ये. पहिला अंतरा जमला, दुसऱ्यात दोघं एकदमच सुरू झाले. संगीताचे सर आधी रुसले होते, पण तबलजीने (हाही पोरगाच, आठवीतला; बालगंधर्वांच्या गंधर्व कंपनीला तबल्यावर उस्ताद थिरकवाँ होते, आम्हाला हा आहे) मोठा दाया मामाकडून आणतो म्हटल्यावर तेही कामाला लागले. थोरला घरी जाताना विचारत होता की धाकट्याला पावा देऊ का, म्हणजे त्याचे हात रिकामे दिसणार नाहीत.
आता नवी भानगड, मोरपिसांची टोपी एकच आहे. ड्रेपरीवाल्याकडे दुसरी आहे पण ती मोठ्या माणसाच्या मापाची, पोराच्या नाकापर्यंत येते. आतून काय लावू?

विंगेतून
जुना पंचा गोल दुमडून आतून चार टाके घाला. फोम नको, डोक्याला घाम सुटतो आणि माइकची पट्टी निघते.