उत्तर: देणगीसाठी पोकर – कायदा बदलून घ्यावाच लागतो

"पैसे देणगीलाच जाणार, मग राज्याच्या आमदारामागे कशाला लागायचं?" असं तुम्ही अमेरिकेतल्या देणगीसाठीच्या पोकरबद्दल (पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या खेळाबद्दल) विचारलंत, ते पटलं नाही. अमेरिकेत जुगाराचे नियम बहुतांशी ज्या त्या राज्याचे. युटामध्ये तर हेतू कितीही चांगला असो, पत्त्यांवर पैसे लावणं बेकायदाच.

कायदा बदलायची मागणी करायची तर कॅलिफोर्नियाचा नमुना समोर ठेवा. तिथे 2006 साली कायदा झाला. वर्षातून एकच कार्यक्रम, तोही सलग 5 तासांपेक्षा जास्त नाही. खेळणारा 21 वर्षांचा हवा, जमलेल्या रकमेतले निदान 90 टक्के संस्थेला. आणि गंमत म्हणजे रोख बक्षीस नाहीच! रात्री अकराला चिप्सचा (पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांचा) ढीग पुढ्यात घेऊन बसलेल्या माणसाला मिळतं काय, तर प्रेशर कुकर नाहीतर हॉटेलचं गिफ्ट कार्ड. हिरमुसतो बिचारा, पण विरोधकांची तोंडं यामुळेच बंद होतात.

न्यू हॅम्पशायरची पद्धत उलटी. तिथे खेळ चालवणारे धंदेवाईक, संस्थेला वाटा 35 टक्के. रक्कम मोठी मिळते, पण माझ्या मते ही देणगीच्या नावाखाली चालणारी कॅसिनोच. विधेयकाची भाषा त्या वळणाची असेल तर मी तरी पाठिंब्याची सही करणार नाही.

आणखी एक, विधेयक तपासणाऱ्या समितीपुढे बोलायला पोकरवाले नेऊ नका. अग्निशमन दलाचे स्वयंसेवक, शाळेचे पालक न्या. आपल्याकडे महाराष्ट्रातही कॅसिनोचा 1976 चा कायदा तसाच पडून राहिला आणि 2023 मध्ये रद्द झाला, त्याच्या बाजूने असे लोक उभे राहिल्याचं मला तरी आठवत नाही.